मामाकडची पिवळी

चाळीस वर्षं मी मांडी घालून पोट भरलं. हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या एका साड्यांच्या दुकानात, पहिल्या मजल्यावर, पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसून. आता गुडघे रोज सकाळी त्याची आठवण करून देतात. बायको म्हणते, "जगातल्या बायकांपुढं चाळीस वर्षं बसलात, आता दोन घटका माझ्यापुढं बसा." बसतो. पण हातांची सवय सुटत नाही. परवा तिनं दोरीवरून साडी काढून आणली आणि बोलता बोलता मी तिची दुकानी घडी घालून ठेवली, काठ समोर, पदर वर. तिनं एकदा साडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "आता पिशवीतही घालून द्या."

मी मूळचा देगलूरकडचा. दुकानाचे मालक गुजराती, त्यांना सगळे सेठ म्हणत. गिऱ्हाईक तेलुगू, मारवाडी, कन्नड, मराठी, सगळ्या प्रकारचं. मला ठेवून घेतलं ते मराठी बायकांचं बोलणं समजतं म्हणून. आणि बोलण्यापेक्षा न बोलणं जास्त समजतं म्हणून, असं मी आपलं मनातल्या मनात धरून चालतो. जिन्यावर मराठी आवाज आले की सेठ गल्ल्यावरून हाक मारायचे, "अण्णा, तुम्हारे लोगां आ गए!" मग मी पाय दुमडून, पाठ सरळ करून बसायचो, कारण मराठी मंडळी साडी घ्यायला आली तर तास जातो आणि बस्ता काढायला आली तर दिवस.

बस्ता म्हणजे काय ते पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या भागात लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी एका दिवशी, एका दुकानात, एकाच गादीवर बसून लग्नाचे कपडे घेतात. मुलीच्या साड्या मुलाकडचे घेणार, मुलाचा पोशाख मुलीकडचे. त्याशिवाय मानाच्या साड्या. आजीची आजेचीर, विहिणीची, करवलीची, आत्याची, मावशीची, आणि ज्या काकूशी कुणी बोलत नाही तिचीसुद्धा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं खरेदी चालली आहे. खरेदी असतेच, पण तिच्या आडून दोन घरं एकमेकांना पहिल्यांदा जवळून न्याहाळत असतात. साखरपुड्यात सगळेच गोड बोलतात. कोण कुणाला किती मानतं ते बस्त्याच्या दिवशी कळतं, आणि विकणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं.

आमच्या धंद्यात साड्या तीन प्रकारच्या. नेसायची, ठेवायची आणि द्यायची. सुताचं, रेशमाचं, काठाचं ते सगळं नंतर. नेसायची साडी बाई हाताच्या पाठीवरून फिरवून बघते. ठेवायची उजेडात नेऊन बघते. द्यायच्या साडीला ती हातच लावत नाही, फक्त विचारते, "जरा बरी दिसेल ना?" द्यायच्या साडीचं आयुष्य फार मोठं असतं. एक वांगी रंगाची साडी मी माझ्या हातानं विकली, आणि नंतरच्या काही वर्षांत ती तीन वेगवेगळ्या घरांतून बदलून मागायला माझ्यासमोर आली. आतल्या चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं, म्हणून ओळखली. एकीनंही तिची घडी मोडली नव्हती. माझ्याहून जास्त लग्नं तिनं पाहिली असतील.

एक बाई आठवतात. निजामाच्या राज्यात मोठं वतन असलेल्या घराण्यातल्या. मी नवीन होतो तेव्हा त्या मोटारीतून यायच्या, बरोबर एक वयस्क मोलकरीण. बाई भिंतीला टेकून बसायच्या आणि साडीला बोटसुद्धा लावायच्या नाहीत. मोलकरीण कपडा चाचपायची आणि हळूच सांगायची, "मऊ हाय, बाईसाहेब." मग बाई नुसती मान हलवायच्या. त्यांच्या घरची रीतच तशी. हात लावून माल बघणं हे बाजारातल्या बाईचं काम, असं त्या मानत.

पुढं जमिनी गेल्या, वाटण्या झाल्या, मोटार गेली. मोलकरीणही वारली. बाई हिमायतनगरात दोन खोल्यांत राहायला आल्या आणि एक दिवस ऑटोतून एकट्याच दुकानात आल्या. साध्या सुती साड्या हव्या होत्या. मी दोन-चार टाकल्या. त्या बघत राहिल्या, पण हात पुढं येईना. चाळीस वर्षांत मला पटकन सुचलेल्या मोजक्या गोष्टींतली एक तेव्हा सुचली. मी स्वतःच कपडा चिमटीत धरला आणि म्हटलं, "मऊ आहे, बाईसाहेब." त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्या येत राहिल्या तोवर मी हे करत आलो, आणि गाठोडं घेऊन त्यांच्या मागं दोन पावलं अंतर ठेवून ऑटोपर्यंत जात आलो. सेठ एकदा कुरकुरले, "दो साडी के वास्ते नीचे तक कायकू जाते, अण्णा?" मी म्हटलं, साडीसाठी नाही जात, सेठ.

अलीकडची मंडळी निराळी. हायटेक सिटीत नोकरी करणारी पुण्यामुंबईची मुलं-मुली येतात आणि म्हणतात, "अण्णा, एकदम ट्रॅडिशनल दाखवा." म्हणजे पैठणी. सगळ्यांना पैठणी. नवरीला पैठणी, नवऱ्याच्या उपरण्याला पैठणीचा काठ, कुत्र्याच्या गळ्यात पैठणीचा पट्टा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका घरातली मुलगी मला ठासून सांगत होती की आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पैठणीच असते. मागं खुर्चीवर बसलेली तिची आजी हसायला लागली. "कुठली पैठणी गं? मी लग्नात नारायणपेठी नेसले होते, आणि तीसुद्धा जावेची." मुलगी गोरीमोरी झाली. पण पोर गुणी होती. तिनं विचारलं, "नारायणपेठी म्हणजे कशी असते?" नारायणपेठ इथून काही तासांवर. मी काढून दाखवली, चौकडीची, लाल काठाची. आजीनं ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. नातीनं तीच घेतली. असा दिवस आला की मी घरी जाताना जिलबी न्यायचो.

असं गोड गोडच सांगत राहिलो तर खोटं होईल. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे आणि ती अजून मला बोचते. धंद्यात नवा होतो, जिभेला लगाम नव्हता. एका बस्त्यात मुलीच्या आईनं स्वतःसाठी एक जांभळी रेशमी घेतली आणि विहिणीसाठी तिच्याहून एक पायरी खालची. असं सगळेच करतात. दुसऱ्या दिवशी विहीणबाई काही बदलायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "ती जांभळी छान होती हो, कुणी नेली?" मी आपला माल किती खपतो त्या फुशारकीत बोलून गेलो की तुमच्या विहीणबाईंनीच नेली, स्वतःसाठी. लग्नाच्या मांडवातून तो आहेर परत गेला. काही वर्षांनी ती मुलगी कडेवर पोर घेऊन दुकानात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमच्या त्या साडीवरून मी अजून ऐकून घेते." मला मान वर करवेना. त्या दिवशी मी ठरवलं की एका घरची खरेदी दुसऱ्या घराला सांगायची नाही, कुणी कितीही विचारलं तरी. पुढची तीस-पस्तीस वर्षं हा नेम मी पाळला.

मोडला तो एकदाच, नोकरी सोडायच्या आदल्या वर्षी, आणि तोही समजून उमजून.

हिमायतनगरात सुनीताबाई म्हणून एक शिक्षिका राहतात. लहानपणापासून आमच्या दुकानात येणाऱ्या, आधी आईचं बोट धरून, मग एकट्या. घर शेतकऱ्याचं. वडिलांनी गाव सोडून बेगम बाजारात मिरची-हळदीचा ठोक धंदा टाकला होता, आता तो त्यांचा थोरला भाऊ बळीराम बघतो. सुनीताबाईंनी श्रीनिवास नावाच्या तेलुगू मुलाशी लग्न केलं आणि माहेर तुटलं. वडील गेले, आई गेली, बळीरामनं अबोला सोडला नाही. टपालानं राखी पाठवली तर पाकीट न फोडता परत यायचं. बेगम बाजार ते हिमायतनगर, ऑटोनं अर्ध्या तासाची वाट. भावाबहिणीला सत्तावीस वर्षांत ती सापडली नाही. गंमत अशी की बळीरामची बायको कौसल्याबाई हीसुद्धा माझीच गिऱ्हाईक. दोघी वेगवेगळ्या दिवशी यायच्या, त्याच गादीवर बसायच्या, आणि मी एकीचं दुसरीला कधी कळू दिलं नाही.

एका दुपारी सुनीताबाई एकट्या आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "अण्णा, तुमच्याकडं एक काम आहे. खोटं बोलायचं आहे."

मी पाणी मागवलं.

"कीर्तीचं जमलं," त्या म्हणाल्या. कीर्ती म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. "मुलगा पुण्याचा, इथंच नोकरीला आहे. चांगली माणसं आहेत. पण त्याची आई सगळं रीतीनं करणारी. फोनमध्ये यादी आहे तिच्या. परवा विचारलं, मामाकडची पिवळी बस्त्यातच येईल ना?"

मराठी लग्नात मुलगी गौरीहरापाशी बसते ती पिवळी साडी नेसून, आणि ती साडी मामानं आणायची असते. किमतीला तिथं महत्त्व नाही. मुलीच्या आईचं माहेर तिच्या पाठीशी उभं आहे, हे चारचौघांना दिसावं एवढ्यासाठी ती. साडी आली नाही तर तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण मांडवातल्या प्रत्येक बाईच्या ते ध्यानात राहतं.

"म्हटलं, आमचं काही नाही, तेलुगू पद्धतीनं करू," सुनीताबाई म्हणाल्या. "तर तिकडं श्रीनिवासच्या थोरल्या बहिणीनं विचारलं, मेनमामा कोण? त्यांच्यात मामा नवरीला वेताच्या टोपलीत बसवून मांडवात आणतो. दोन्ही भाषांत मामा लागतो, अण्णा. माझ्याकडं एकाही भाषेत नाही."

त्या हसल्या, पण डोळे भरले होते. लेकीनं सासरी पाऊल ठेवायच्या आधीच, हिच्या आईला माहेर नाही, असा शिक्का बसू नये एवढंच त्यांना हवं होतं. मी काय करायचं तेही त्यांनी ठरवून आणलं होतं. त्या आजच पिवळी घेऊन ठेवणार. बस्त्याच्या दिवशी मी ती कपाटातून काढायची आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "कालच मुलीचे मामा येऊन ही ठेवून गेले. त्यांना गावी जायचं होतं." टोपलीचं पुढं बघता आलं असतं, श्रीनिवासचा एखादा लांबचा मेहुणा उभा केला असता.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला जीभ उचलली नाही. दहा-बारा पिवळ्या त्यांच्यापुढं टाकल्या. एका सुरेख रेशमीवर त्यांचा हात थांबला, पण त्यांनी ती बाजूला केली. "एवढी भारी दादा घेणार नाही. तो घेईल तशीच द्या." मग एक हळदी रंगाची, लाल काठाची नारायणपेठी निवडली. सत्तावीस वर्षं न भेटलेल्या भावाच्या वतीनं बहीण साडी पसंत करत होती, आणि मी समोर बसून पिना काढत होतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

साडीला मी चिठ्ठी लावली, "मामाकडून, सुनीताबाईंच्या कीर्तीला", खाली बस्त्याची तारीख आणि वेळ घातली, आणि मागच्या कपाटात ठेवली.

आठवड्याभरात कौसल्याबाई आल्या. त्यांच्या माहेरच्या एका भाचीचं काही होतं. आणि त्या दिवशी, एरवी दुकानाची पायरी न चढणारा बळीराम बरोबर होता. वरच्या बाजूला माणसं कमी होती. मी मागं वळलो, कपाट उघडलं, हव्या त्या साड्या काढल्या आणि ती पिवळीही काढली. चुकून नाही, मुद्दाम. चिठ्ठी वर येईल अशी गादीवर ठेवली आणि दुसऱ्या साड्या उलगडायला लागलो. तोंडानं मी एक अक्षर बोललो नाही, पण नेम मोडला तो मोडलाच.

कौसल्याबाईंना वाचता येत नाही, पण पिवळा रंग ओळखता येतो. "कुनाचं लगीन हाय, अण्णा?"

"चिठ्ठी आहे," मी म्हटलं.

बळीरामनं चिठ्ठी वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा मिरचीच्या पोत्यासारखा लाल झाला होता. "माज्या नावानं कोन साडी घेतंय?"

"ज्याच्या नावानं घ्यावी लागते तो घेत नाही, म्हणून घ्यावी लागते," मी म्हणालो. आता म्हणतो की जरा नरम बोलायला हवं होतं.

"तुमी दुकानदार हाव. दुकानदारासारकं ऱ्हावा," तो म्हणाला आणि उठून जिना उतरून गेला. कौसल्याबाई घाईघाईनं मागोमाग गेल्या. काहीच न घेता गेलेलं गिऱ्हाईक सेठना दुरून दिसलं. त्यांनी नुसते खांदे उडवले.

पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. बळीराम चिडून पुण्याच्या लोकांपर्यंत गेला तर? भर बस्त्यात येऊन म्हणाला, ही साडी माझी नाही, तर? एका मुलीचं सासर मी जिभेनं बिघडवलं होतं, दुसरीचं चिठ्ठीनं बिघडवणार की काय, हा विचार पाठ सोडेना. सुनीताबाईंना सांगावं असं दहादा वाटलं. धीर झाला नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "केलंत ते केलंत. आता त्या दिवशी रजा तेवढी घेऊ नका."

बस्त्याच्या दिवशी अकराच्या सुमारास मंडळी आली. नवऱ्याची आई मंजिरीताई, हसऱ्या, नीटनेटक्या, हातात फोन. श्रीनिवास, त्यांची थोरली बहीण, कीर्ती आणि तिचा होणारा नवरा. सुनीताबाई सगळ्यांच्या मागून चढल्या आणि माझ्याकडं पाहून डोळे मिटून उघडले. मीही मान हलवली.

शालू झाला, हळदीची साडी झाली, आजेचीर झाली. कीर्तीला मराठी समजतं, पण ती बोलते तेलुगू आणि इंग्रजी, आणि माझ्याशी हैदराबादी. "अण्णा, ये रंग नक्को, बहोत डल है." मंजिरीताई एकेक वस्तू फोनवर खूण करत होत्या. मग त्या म्हणाल्या, "चला, आता मामाकडची पिवळी."

"मेनमामा चीरा एदी?" श्रीनिवासच्या बहिणीनंही त्याच वेळी विचारलं. त्यांच्या भाषेत तेच, मामाची साडी कुठंय.

सुनीताबाई बांगडी फिरवत खाली बघत होत्या. मी कपाट उघडलं, चिठ्ठी काढून खिशात टाकली, साडी दोन्ही हातांवर घेतली आणि वळलो. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि कौसल्याबाई वर आल्या. धापा टाकत होत्या, छातीशी एक मोठं खोकं. सरळ गादीवर येऊन त्यांनी ते सुनीताबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "मामाकडून. कीर्तीला."

सुनीताबाई हललेल्या मला दिसल्या नाहीत. मी मात्र हललो. हातातली नारायणपेठी पटकन खाली घातली आणि तिच्यावर बसलो. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या साडीवर बसायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

खोकं मंजिरीताईंनीच उघडलं. खोक्यावर दुसऱ्या एका दुकानाचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. आतली साडी पिवळीच होती, त्यात वाद नाही. लिंबासारखी झगझगीत पिवळी, धाग्यात निम्मी भेसळ, काठ असा चमकणारा की दोन पावसाळ्यांत काळा पडावा. मी चाळीस वर्षं ह्या धंद्यातला, आणि माझ्या गादीवर ती उलगडत होती.

मंजिरीताईंना कपडा कळत असावा. त्यांनी काठ बोटांत धरला, किंचित थांबल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही जाणकार. चांगली आहे ना?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. "मामाकडच्या पिवळीला दुकानदारानं हात लावायचा नसतो, ताई," मी म्हणालो. "आणि मतही द्यायचं नसतं. आमच्याकडं तशी रीतच आहे."

अशी रीत कुठंही नाही. मी ती जागच्या जागी तयार केली. मंजिरीताई म्हणाल्या, "हो का? हे मला ठाऊकच नव्हतं," आणि त्यांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं. आता पुण्यात चार घरांत तरी ही रीत जुनी म्हणून पाळली जात असेल. रीती अशाच होत असाव्यात, असं मला अलीकडे वाटतं.

कौसल्याबाई पाणी प्यायला माझ्या बाजूला सरकल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "हे म्हनले, तुमच्या दुकानातनं घेतली तर लोक म्हनतील बहिनीनंच आनून ठिवली. दुसऱ्या दुकानाचं खोकं असलं म्हंजी कुनी बोलनार न्हाई." बळीराम व्यापारी माणूस. आठवडाभर त्यानं काय विचार केला ते मला तेव्हा कळलं, आणि त्या झगझगीत पिवळ्याचा राग गेला.

सुनीताबाईंनी एकच विचारलं, "दादा?"

"खाली हायेत. रस्त्यावर. म्या म्हनलं वर चला, तर पाय उचलंना."

सुनीताबाई उठल्या. साडी हातात तशीच, पदर लोंबत. मंजिरीताई काही विचारणार होत्या, पण कीर्तीनं त्यांच्यापुढं एक शालू टाकला आणि रंगावरून बोलायला लागली. पोर हुशार आहे. मी ऑटो बघून येतो असं काहीतरी पुटपुटत मागोमाग उतरलो. खोटं बोलायचा दिवसच होता.

बळीराम नारळपाण्याच्या गाडीपाशी पाठ करून उभा होता.

"दादा."

तो वळला. मी दाराशीच थांबलो. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. शेवटचं पाहिलं तेव्हा दोघांचेही केस काळे होते, आता दोघांचेही पांढरे. मला वाटलं आता रडारड होणार. सुनीताबाईंनी हातातल्या साडीचा काठ वर धरला.

"ही कुठून घेतलीस?"

"कोटीच्या बाजारातनं."

"बरोबर कोण होतं?"

"कोन असनार? एकलाच गेलतो."

"दादा, हा काठ पहिल्या धुण्यात जाईल. रंग तर बघ. तुला अजून कपड्यातलं काही कळत नाही."

आणि मग त्या रडायला लागल्या. बळीरामचा हात वर आला, मध्येच थांबला, मग त्यानं तो स्वतःच्याच शर्टाला लावला आणि शर्ट पुढं ओढून दाखवला.

"माजे कपडे तूच घ्यायचीस," तो म्हणाला. "तू गेलीस तवापासून मी हे असलेच घालतोय."

सुनीताबाई रडता रडता हसल्या. त्यांनी त्याची बाही धरली आणि म्हणाल्या, "वर चल. कीर्ती वर आहे." तो लहान पोरासारखा मागं निघाला. मी बाजूला होऊन त्यांना जिना मोकळा करून दिला आणि चढताना मागून त्याच्या शर्टाकडं नीट पाहिलं. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, तो अगदी खरं बोलत होता.